घरमालकांचे दंड

धुळ्याच्या देवपुरात, किंबहुना पांझरा नदीच्या दोन्ही काठांवर, स्वतःच्या दंडांवर माझ्या घरमालकांइतकं प्रेम करणारा माणूस झाला नाही. निवृत्त विज्ञानशिक्षक, वय पासष्ट, अंगात बारमाही बिनबाह्यांची बंडी. सगळे त्यांना नाना म्हणत. शहाऐंशी साली खोली दाखवताना नळाला पाणी कधी येतं हे त्यांनी सांगितलं नाही. टेस्टोस्टेरॉन काय करतं ते मात्र सविस्तर सांगितलं. "स्नायूंतली प्रथिनं रोज थोडी मोडतात, थोडी नव्यानं बांधली जातात. हे संप्रेरक पेशीत शिरून बांधणी वाढवतं. समजलं?" मी मान डोलावली. मला खोली हवी होती.

हे ज्ञान त्यांनी कुणापासूनही लपवलं नाही. दूधवाल्याला ते म्हणत, "तू पाणी घालून धुळ्याचे दंड बारीक करतोयस." अमळनेरला एका तेराव्याला आम्ही गेलो, तर वडील गेलेल्या तरुणाचा दंड दाबून त्यांनी दिलासा दिला, "शोक कर, पण डाळ सोडू नको." शेजारच्या पोरानं नुसते अंड्यांवर अंडी खाऊन पोट वाढवलं, तेव्हा नानांना झालेला आनंद त्यांच्या मुलीच्या लग्नातही मी पाहिला नव्हता. "मेहनत केल्याशिवाय ती प्रथिनं काय करतील? चरबीच होणार!" अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरी हे चालू असताना धान्य निवडत असत. चाळीस वर्षं हेच ऐकणाऱ्या बाईला विद्यापीठानं पदवी द्यायला हवी होती.

मग नानांना लघवीचा त्रास सुरू झाला. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, हा रोग टेस्टोस्टेरॉनवरच पोसतो. ते बंद करायला दोन्ही वृषणं काढावी लागतील. जन्मभर ज्याची वकिली केली, तेच घरभेदी निघालं. पुढं स्नायूंचं काय होणार, हे नानांना डॉक्टरांनी सांगायची गरजच नव्हती. परतताना रिक्षावाल्याच्या काटकुळ्या दंडांकडंही त्यांचं लक्ष गेलं नाही. असं प्रथमच घडत होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

आठ दिवस ते नाही म्हणत राहिले. "मग मी राहीन तरी काय?" असं एकदा माझ्यासमोर म्हणाले. अक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

"माले तुम्हना दंड नको, तुम्ही पाहिजेत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाना दवाखान्यात दाखल झाले.

शस्त्रक्रिया ठीक झाली, रोग आवरला. दंड मात्र त्यांच्या शास्त्राप्रमाणेच उतरत गेले. ते रोज सकाळी हलके डंबेल्स उचलत आणि मला सांगत, "आता मोडतोड जास्त, बांधणी कमी. व्यायामानं थोडं थोपवता येतं, एवढंच." सांगताना स्वतःकडं न बघता अंगणाकडं बघत. हळूहळू त्यांनी पूर्ण बाह्यांचे सदरे शिवून घेतले. मी कधी त्यांची थट्टा केली नाही. तोंडाशी आलेले शब्दही गिळले.

एकदा गॅसचं भरलेलं सिलिंडर दारात उतरवून माणूस निघून गेला. नाना वाकले, त्यांनी दोनदा जोर लावला, ते हललं नाही. मी धावलो, पण त्याआधी पाच फुटांच्या अक्कांनी पदर खोचला आणि सिलिंडर तिरकं करून गरगर फिरवत थेट स्वयंपाकघरात नेलं.

नाना उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडं बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "बायकांच्या शरीरातही ते संप्रेरक असतं बरं का. अगदी थोडं. मी वर्गात हे कधी नीट शिकवलंच नाही."