बापूंचा खांदा आणि आवाजाचा रतीब

“ते परत बोलव,” तात्या दारातूनच म्हणाले. चप्पल काढायचंही भान नव्हतं.

“काय परत बोलवू?”

“बापूची गोष्ट. सगळ्यांच्या फोनातनं काढून घे.”

माधवनगरला माझा छोटा स्टुडिओ आहे. तात्यांचं सारं आयुष्य तालमीत गेलं. आता दर मंगळवारी ते माझ्या माइकसमोर बसून जुन्या कुस्त्या सांगतात. मी रेकॉर्ड करतो, खोकला कापतो आणि पॉडकास्ट सोडतो. आदल्या मंगळवारी त्यांनी तालमीतल्या जोडीदाराची, बापूंची गोष्ट सांगितली होती. लोणंदजवळच्या एका जत्रेत बापू लंगोट कसून फडात उतरले आणि हात न मिळवताच माघारी वळले. “समोरच्याची छाती बघितली आन् आमचा गडी भ्याला!” तात्यांनी अशी काही रंगवली की हेडफोन लावून मीही पोट धरून हसलो.

बापू मूळचे विट्याचे. मुलाचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान, म्हणून आता तिकडेच असतात. नातवाला शेजारी बसवून त्यांनी ती गोष्ट ऐकली. नातवानं विचारलं, “आबा, तुमी भ्याला व्हता?” बापूंनी तात्यांना फोन करून एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. मिसरूड फुटायच्या आधीची दोस्ती होती ती.

“आमच्याकडून काढतो तात्या. पण जे गेलं ते गेलं.”

“आवाज पुसायला किती येळ लागतोय रं? मागं माझं भाषण काढलं व्हतंस की.”

काढलं होतं, खरं आहे. पण ते वेबसाइटच्या काळात. जत्रेतल्या कुस्त्यांची कॉमेंट्री, मागची हलगी, सगळं मी वेबसाइटवर टाकायचो. आवाज माझ्याकडेच असायचा, ऐकणाऱ्यानं तिथं यायचं. परमुलखातली विट्याची पोरं दुकान बंद करून नेट कॅफे गाठायची. एका हेडफोनला दोघं कान लावायचे. ऐन डाव पडताना बफरिंग सुरू व्हायचं, म्हणजे आवाज जागच्या जागी अडकायचा. मग एसटीडी बूथवरून मला फोन. “सायेब, पुढं काय झालं? पडलं कोण?” मी निकाल सांगायचो, तिकडे शिट्ट्या वाजायच्या. हल्ली कुणाचं काही अडकत नाही, त्यामुळे फोनही येत नाहीत. मला त्या फोनांची फार आठवण येते.

पॉडकास्ट निराळा. तो दुधाच्या रतिबासारखा. एकदा ‘फॉलो’ केलं की फोनमधलं अ‍ॅप अधूनमधून आमच्याकडे डोकावतं आणि नवीन एपिसोड दिसला की स्वतःच उतरवून घेतं. मग रेंज असो नसो, आवाज ऐकणाऱ्याच्या खिशात. मी माझ्याकडचा पुसला तरी त्याच्याकडचा राहतो.

तात्यांना हे सांगितलं.

“म्हंजे दूध वाटून झालं.”

“हो. पण पुढचा रतीबही त्याच घरी जातो.”

“आन् त्यानं बंद केला असंल तर?”

“ते मला इथून दिसत नाही.”

मग मीच विचारलं, “बापू भ्याले होते का खरंच?”

“छ्या! आदल्या दिशी खांदा निखळला व्हता त्याचा. मीच फडकं बांधलं. तरी उतरला गडी. हातच वर जाईना, काय करंल?”

“मग ते का नाही सांगितलंत?”

“गोष्ट रंगली व्हती रं. खांदा सांगितला असता तर पडली असती.”

मला रागच आला. मी माइक त्यांच्यासमोर सरकवला. म्हाताऱ्यानं आधी पाणी मागितलं, मग टोपी काढून मांडीवर ठेवली. हलगी नाही, किस्सा नाही. “बापू भ्याला न्हवता. मी गोष्ट रंगवायला खोटं बोललो. पोरा, तुजा आबा मोडक्या खांद्यानं फडात उतरला व्हता.” इतकंच. मी एक खोकलाही कापला नाही, एपिसोड तसाच सोडला.

पुढच्या मंगळवारी रेकॉर्डिंगला बसतोय तोच तात्यांचा फोन वाजला. बापू. तात्यांनी फोन माझ्याकडे सरकवला, मी स्पीकर लावला.

“तात्या, फोन तुजा उचलणार न्हवतो. पर ह्यो तुजा आवाज आपला आपून घरात येतोय. नातवानं लावला.”

“मग बंद का न्हाई केलास?”



“हितं आपल्यावानी बोलणारं दुसरं कोन हाय रं?”

तात्यांनी टोपीनं डोळे पुसले. मी उगीचच वायरी गुंडाळत बसलो.

पॉडकास्ट कसा करायचा, हे विचारायला हल्ली बरेच जण येतात. माइक कोणता घ्यायचा ते मी सांगतो. तात्यांना मात्र दर मंगळवारी, एपिसोड सोडण्याआधी, एकच विचारतो.

“तात्या, कुणाचा खांदा सांगायचा राहिला नाही ना?”