तादेओची टाच

निदिया घाबरलेली मी पाहिली ती त्या एका रविवारी. एरवी ती बाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही. शहरातल्या विद्यापीठाचं संशोधन आमच्या डोंगरात चाललं होतं, त्यात ती सहायक. नवजात बाळाच्या टाचेला सुई टोचायची, रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे, वाळवून शहरात पाठवायचे. शिवाय कुणी कुणाशी लग्न केलं हे विचारून घराण्यांची वंशावळ मांडायची. आमच्याकडे नात्यातच लग्नं. नातं धरलं तर माझी बायको माझी दूरची आत्या लागते, आणि ती तसंच वागते! मी एलिएसर, निदियाचा जीपवाला.

तिनं हे काम का धरलं ते सांगतो. तिचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. दूध सोडलं, झोपाळू झाले, संपले. गाव म्हणालं, नजर लागली. निदिया शहरात शिकली तेव्हा तिला कळलं की हा घराण्यात उतरणारा आजार आहे. दुधातलं काहीतरी बाळाला पचत नाही आणि तेच विष होऊन मेंदूत चढतं. पहिल्या काही दिवसांत कळलं तर वेगळं दूध देऊन पोर जगवता येतं. उशीर झाला की खेळ खलास.

धाकटी बहीण एदिल्मा बाळंत झाली तेव्हा निदियाच्या घशाखाली घास उतरेना. आम्ही लगेच गेलो. आता आमची रीत अशी, की बाप्तिस्म्याआधी सुईवालीला बाळाचं तोंड दाखवायचं नाही, मग ती सख्खी मावशी का असेना. निदियाची आई, जिला सगळं गाव ओफेलिया मावशी म्हणतं, आतल्या अंधाऱ्या खोलीतून गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. टाच तेवढी बाहेर.

"बाई गं, टाच केवढी भरलीय!" निदिया म्हणाली.

"आजोबांवर गेलाय. टोच आणि हो बाहेर," मावशी खेकसली.

काही दिवसांनी शहरातून फोन आला, सगळं ठीक. निदिया जीपमध्ये हसली काय, रडली काय! आमची दोघांची पार्टी झाली, गूळपाणी आणि चीज.

मग बाप्तिस्म्याचा रविवार. निदियाच धर्ममाता होणार होती, म्हणून त्या दिवशी तिला बाळ घ्यायची मुभा होती. घरात कोंबडीचा रस्सा उकळत होता, एदिल्मा नवा झगा घालून बसली होती. निदियानं बाळ हातात घेतलं आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड पाहिलं. मान लुळी. मधेच अंग कमानीसारखं ताठ.

"पितोय का हा?"

"कालपासून नाही गं. झोपतोच आहे. गुणी आहे फार," एदिल्मा म्हणाली.

निदियानं लंगोट नाकाशी नेला. "आई, आज गुऱ्हाळ पेटलंय?"

"रविवारी? डोकं फिरलंय का तुझं?"

आमच्या गावात सगळ्यालाच जळक्या गुळाचा वास. माझ्या उशीलाही येतो. त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. पण चुलाण थंड होतं आणि वास त्या लंगोटाला होता. या आजारात लघवीला तोच वास येतो. निदियानं लंगोट पुन्हा पुन्हा हुंगला.

"पण रक्त चांगलं आलं होतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "आई, रक्त चांगलं आलं होतं ना?"

मावशीनं गळ्यातली जपमाळ मुठीत धरली. "ते याचं नव्हतं. बाप्तिस्म्याआधी बाळाचं रक्त सांडलं तर जीव त्याच वाटेनं जातो. मी शेजारच्या रोसाल्बाचं पोर आणलं होतं. त्याचा बाप्तिस्मा झालाय."

एदिल्मानं किंकाळी फोडली. निदिया आईवर ओरडली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "एलिएसर, जीप!"

मावशी दारात आडवी. "पाद्री आल्याशिवाय पोर उंबरठा ओलांडणार नाही!"

"नाव काय ठरलंय?"

"तादेओ," एदिल्मा हुंदके देत म्हणाली.

निदियानं माठातलं पाणी ओंजळीत घेतलं, बाळाच्या कपाळावर ओतलं, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणाली आणि आईकडे पाहिलं. "झाला बाप्तिस्मा. हो बाजूला." जीव जायची वेळ आली तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, हे मावशीला ठाऊक होतं. ती बाजूला झाली आणि आमच्यामागे जीपमध्ये चढली.

उतारावर मी कशी जीप हाणली ते मारियामातेला माहीत. मागे एदिल्माचा झगा दुधानं भिजत होता. ती बाळाला छातीशी घ्यायची आणि निदिया तिचा हात धरायची. "थेंबभरही नको, एदिल्मा. तुझ्या पाया पडते." दर वळणावर मी मागे बघून विचारायचो, "आहे का?" ती म्हणायची, "आहे. तू पुढे बघ."

इस्पितळात त्यांनी त्याला नळ्या लावल्या, रक्त धुवायला घेतलं. आम्ही बाकावर बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तादेओनं डोळे उघडले होते. मेंदूला किती झळ लागली ते पुढे कळेल, पण पोर जगेल. एदिल्मा आत धावली. मी टोपीत तोंड खुपसून रडलो.

निदिया रडली नाही. ती आईशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "ही युक्ती तुला कुणी शिकवली, आई?"

मावशीनं जपमाळेचा मणी पुढे सरकवला.

"शिकवायला कशाला हवं? वस्तीत सगळ्याच करतात. तुलाही राग नको आणि पोरालाही धोका नको."

निदियानं वळून माझ्याकडे पाहिलं. या वर्षी तिनं ज्या ज्या घरी टाच टोचली होती, तिथं मीच तिला नेलं होतं. आणि प्रत्येक घरी तिनं स्वतः जाऊन सांगितलं होतं, की काळजी करू नका, तुमचं बाळ ठणठणीत आहे.