नलवडेसाहेब आणि छाटलेला समास

शामराव नलवडेसाहेबांची ओळख मला आधी त्यांच्या पुस्तकांवरून झाली. शाहूपुरीत आमचं बाइंडिंगचं दुकान. माझे पती हसनभाई साहेबांची फाटकी पुस्तकं घरी आणायचे आणि मी ती शिवायची. गावांच्या, किल्ल्यांच्या, घराण्यांच्या इतिहासाची जुनी पुस्तकं. मी चौथी शिकलेली. शिवताना दिसेल तेवढं वाचायची. एवढी पुस्तकं गोळा करणारा माणूस म्हातारा, दाढीवाला असणार, अशी माझी समजूत होती. साहेब वर्तमानपत्राच्या कामासाठी स्कूटरवरून जिल्हाभर हिंडतात आणि येताना डिकीत एखादं पुस्तक घालून आणतात, हे नंतर कळलं.

त्यांना पाहिलं ते हसनभाई गेल्यावर. मी इद्दतीत होते. नवरा गेल्यावर आमच्यात बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. दुकानाला कुलूप होतं. दीर म्हणत होते, "मशीन इकून टाकू. बाईमाणसानं एकटीनं दुकान चालवायचं व्हय?" मला दुकान सोडायचं नव्हतं, पण तसं म्हणायची हिंमत नव्हती.

अशात एक दिवस साहेब आले आणि दाराबाहेरच सासूबाईंजवळ खुर्ची टाकून बसले. मी पडद्याआडून पाहिलं. दाढी नव्हती.

"मावशी, एक पुस्तक आणलंय. वहिनींना द्या."

"आता कसलं पुस्तक, बाबा? करणारा गेला की."

"शिवणाऱ्या हायत न्हवं? इद्दत होऊ दे. मग मी दुकानातनंच घेऊन जातो."

'दुकानातनंच' हे दिरांनीही ऐकलं. मशीन विकायची गोष्ट तेवढ्यापुरती थांबली.

इद्दत संपल्यावर मी दुकान उघडलं. पुस्तक कागल भागातल्या गावांविषयीचं होतं. शिवण माझी नेहमीची, पण पानांच्या कडा कापायचं काम हसनभाईंचं. मी ते नुसतं पाहिलेलं. मशीनवर तिन्ही बाजू छाटल्या. पुस्तक कसं गुळगुळीत झालं!

साहेबांनी ते उघडलं आणि पानांच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. समासात कुणा जुन्या मास्तरांनी पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं. कुठली विहीर कुणी खणली, कुठलं घराणं कुठून आलं. मला ते कुणीतरी गिरगटलेलं वाटलं होतं. त्यातली निम्मी अक्षरं मी कापून टाकली होती. हसनभाई कापायच्या आधी एकेक पान बघायचे आणि समासात लिहिलेलं असेल तर त्या कडेला हातच लावायचे नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दीर तिथंच होते. "बघा, मी म्हणत नव्हतो?"

साहेब म्हणाले, "चूक माझी हाय, पावणं. हसनभाईंना कधी सांगावं लागलं न्हाई, म्हणून ह्यांनाबी सांगितलं न्हाई." मग माझ्याकडं वळले. "कापलेलं टाकलं काय?"

कापलेल्या पट्ट्यांचं पोतं कोपऱ्यात होतं. रद्दीवाला आला नव्हता.

ज्यांच्या बातम्या सगळा जिल्हा वाचायचा, ते साहेब फरशीवर मांडी घालून बसले. चार दिवस रोज सकाळी कामावर जायच्या आधी यायचे. मी पट्टीवरचं वाचायची, ते पान शोधून पट्टी परत चिकटवायचे. अर्ध्या शब्दापुढं काय असेल, हे मलाच विचारायचे. एकदा मी भलताच शब्द लावला, तर म्हणाले, "वहिनी, विहिरीला सासू नसती हो!" हसनभाई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले आणि लगेच रडू फुटलं. साहेब उठून बाहेर गेले, दोन चहा सांगून आले. मी मन लावून वाचायला लागले ती त्या चार दिवसांत.

काही पट्ट्या मिळाल्याच नाहीत. मी म्हटलं, अंदाजानं लिहू या.

"न्हाई. मोकळं राहू दे. आपल्या हातनं काय गेलं, ते वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे."

बातमीतही त्यांचं असंच. एमआयडीसीतल्या एका कामगाराचं नाव एकदा चुकीचं छापलं गेलं. साहेबांनी दुरुस्ती छापली आणि वर कागलला त्याच्या घरी जाऊन आले.

पुढं ते ओळखीच्या लोकांना माझ्याकडं पाठवू लागले. सांगायचे, "बिनधास्त द्या. कड कापायची चूक त्यांची एकदा करून झालीया." मी लाजायची, पण पुस्तकं येत गेली. आज दुकान मी चालवते. दीरच मशीनला तेल घालतात.

साहेबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. धुळीनं खोकला येतो म्हणून डॉक्टरांनी जुन्या पुस्तकांपासून लांब राहायला सांगितलं आहे. साहेब ऐकत नाहीत. सगळा संग्रह ते वारणाकाठच्या एका गावच्या वाचनालयाला देणार आहेत. त्याआधी फाटलेली पुस्तकं बांधून घ्यायची आहेत. परवा मला म्हणाले, "कुठली आधी घ्यायची ते तुम्हीच ठरवा. तुमची वाचून झाल्यात." खरं म्हणजे निम्मी अजून राहिली आहेत.

हसनभाईंना आयुष्य कमी मिळालं. साहेबांसाठी दुवा मागताना मी ते विसरत नाही आणि म्हणूनच भरपूर मागते. खोकला जावो, डोळे शाबूत राहोत, पायांत बळ राहो. कामाला मात्र मी मुद्दाम वेळ लावणार आहे. प्रत्येक पुस्तक साहेबांनी स्वतः येऊन, तपासून न्यायचं आहे.