दिवाळीनंतरचं घर

नव्या पुस्तकाचा वास आला की मला सोनपेठच्या शेजारणीचा ओटा आठवतो. ती तूर पाखडत होती आणि मी तिच्या सहा वर्षांच्या भाचीला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होतो. गोष्टी सांगण्यात आमच्या घरी माझं मोठं नाव, म्हणून पुस्तकातल्या बाबांना खास खर्जातला आवाज लावला होता. आई, बाबा, मुलगी जेवायला बसलेले. पोरीनं चित्रावर बोट ठेवलं. "मामा, हे दिवाळीच्या आधीचं घर हाय का नंतरचं?" मला कळेना. "अवो, दिवाळी झाली की आई-बा ऊस तोडायला जातेत. मंग माझं घर म्हंजे आत्या. हिला कुणाकडं ठेवतेत?" मी पानं उलटली. उत्तर पुस्तकात नव्हतं आणि माझ्या खर्जातही. तीच उठून आत्याच्या कानाशी लागली. आत्यानं सूप खाली ठेवलं, चित्रातली मुलगी नीट न्याहाळली. "येऊ दे की. पण माझ्या कुशीत ती झोपंल, तू कडंला." पोरीनं चित्रातल्या मुलीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाली, "एक दिवसाआड." आता केस पिकले, तरी मुलांचं पुस्तक मिटताना त्यातलं पोर कुणाच्या कुशीत झोपत असेल, हे मी शोधत बसतो.