कोपरमामा

आमच्या गल्लीत येणारा एक माणूस नमस्काराला हात जोडायच्या आधी समोरच्याचं कोपर धरायचा. कबनूरची गल्ली ती, घराघरात मागाचा खडखडाट, शेजारच्याचं बोलणंही धड ऐकू यायचं नाही. पण कोपराच्या आतल्या खोबणीत दोन बोटं फिरली की कळायचं, आरोग्य खात्याचे मामा आले. त्यांचं खरं नाव खात्याच्या कागदावर असेल. आम्ही कोपरमामाच म्हणायचो.

ते कुष्ठरोगी शोधत फिरायचे. तो शब्द मात्र गल्लीत उच्चारायचा नाही, हा त्यांचा नियम. सायकल लांब पानपट्टीशी लावायची, आणि काम एका घरी असलं तरी ओळीनं सगळ्या घरांत जायचं, म्हणजे कुणाकडं बोट दाखवायला जागा राहत नाही. मग घरोघरी चहा आलाच. "चहानंच मरणार बघा मी, ह्या नोकरीनं न्हाय," असं दमल्या आवाजात म्हणायचे आणि पुढचा कप उचलायचे.

कुणी गुडघा दुखतो म्हणून कुरकुर केली की यांना बरं वाटायचं. "दुखतंय न्हवं? मग नशीबवान हाईस. दुखायचं थांबलं की मला हाक मार." बायका वैतागायच्या. मग ते शंभरदा सांगून झालेलं पुन्हा सांगायला बसायचे. डोक्यात मेंदू, तिथनं पाठीच्या कण्यातनं उतरलेला मज्जारज्जू, आणि त्याला फुटलेल्या नसा पार बोटाच्या टोकापर्यंत. काही नसा खबर वर नेतात, काही हुकूम खाली आणतात. "तव्याचा चटका बसला की हात मेंदूला इचारत बसत न्हाय. कण्यातनंच हुकूम येतोय, हात आपसूक मागं. मेंदूला मागनं कळतंय. पर खबर नेणारी नसच मेली तर हुकूम द्यायचा कुणी? हात तिथंच भाजत ऱ्हातोय की." मी बारावीला नापास झाले, पण मज्जासंस्थेच्या प्रश्नाला तेवढे पैकीच्या पैकी मिळाले असतील.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला माझं लग्न ठरलं. आजऱ्याचं स्थळ, घरचं शेत, नाव ठेवायला जागा नाही असं सगळे म्हणाले. त्याच सुमारास आईच्या उजव्या हातावर, करंगळीच्या बाजूला, फिकट चट्टा उठला. आई घरी कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत गुंडाळून द्यायची. सारा खेळ बोटांचा. आणि त्याच हाताला चुलीवर भाजलं तरी तिला पत्ता नसायचा, फोड आल्यावर दिसायचं. आम्हा दोघींना काय ते कळलं होतं. मामांचं ऐकतच मोठी झालेली मी, न कळायला काय झालं? पण बाहेर फुटलं असतं तर स्थळ मोडलं असतं.

मामा आले. त्यांची तपासणी अशी, की माणसानं डोळे मिटायचे, ते कापसाचा पुंजका हलकेच टेकवणार, लागलं की हां म्हणायचं. आईनं मला आधीच बजावून ठेवलं होतं. मी तिला चिकटून बसले आणि कापूस टेकला की माझ्या पायानं तिचा पाय दाबत गेले. आई हां म्हणत गेली. मामांनी तिचं कोपर दोनदा चाचपलं, कोनाड्यातल्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याकडं बघितलं, आणि "ठीक हाय, महिन्यानं परत येतो" म्हणून वही मिटली. सुटलो बाई, असं तेव्हा मला वाटलं. आता त्या सुटण्याची लाज वाटते.

महिन्यानं येणारे मामा आले पाच महिन्यांनी. मध्येच खात्यानं त्यांना भलत्याच कामाला जुंपलं होतं. कुणी न बोलावता गोळ्यांची पाकिटं घेऊनच आले. तोवर आईची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडं वळलं होतं. पहिल्या गोळ्या त्यांनी समोर बसून गिळायला लावल्या. मग वर्षभर दर महिन्याला आले, नेहमीसारखे सगळ्या घरांत चहा पीत. रोग गेला, पण बोटं सरळ झाली नाहीत. चिमटीतला जोर गेला तो गेलाच. आईच्या कांड्या सुटल्या.

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोप घ्यायला आले तेव्हा मी माहेरी होते. फार थकलेले, खाली बसतानाही भिंत धरली. चहाला हात न लावता म्हणाले, "अक्का, त्या दिशी मला कळलं हुतं. कोपरातली नस सुतळीगत जाड लागत हुती आन् तुमी हां हां म्हणत हुता. पर पत्रिका दिसल्या. म्हटलं, पोरीचं लगीन हुंदे, मग बघू. तवाच गोळ्या दिल्या असत्या तर हात वाचला असता. चूक माझी हाय."

मला बोलायचं होतं. पाय माझा होता. आईनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. "जाऊ द्या वो मामा, हाताचं काय घिऊन बसलाय. पोर सुखात हाय, बास झालं." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय का न्हाय गं?"

नवरा मला मारतो हे मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं. त्या खेपेलासुद्धा दंडावरचे वळ पदराखाली झाकून आले होते. दोघं माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी "व्हय" म्हटलं. मामांनी मोठा श्वास सोडला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

दोनेक वर्षांनी ते गेल्याचं कळलं. आई अजून फोनवर विचारते, "सुखात हाईस न्हवं?" मी अजून व्हयच म्हणते.