कानवही

टेपबाईंना हे नाव पडले त्याला तीस वर्षे झाली. तेव्हा त्या नव्या होत्या आणि घरचा टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालून वर्गात आणायच्या. पिशवीचा बंद खांद्यात रुतायचा. एकदा तेव्हाचे मुख्याध्यापक दारात उभे राहून म्हणाले, "बाई, वर्ग आहे हा. गाणी वाजवायला आणलंय का हे धूड?" बाईंनी बटण दाबले. वर्गातल्या सर्वांत अबोल पोराचा आवाज त्या डब्यातून बाहेर आला, आणि मुख्याध्यापक निघून गेले.

पुढे टेप मोडीत निघाला, फोन आला. बाईंची पद्धत तीच राहिली. आठवड्यातून एकदा एकेक मूल नकाशांच्या खोलीत बाईंजवळ बसायचे, सहा ओळी वाचायचे, बाई आवाज भरून घ्यायच्या, मग दोघे मिळून ऐकायचे. बाई चूक दाखवत नसत. मूलच म्हणायचे, "इथं मी घसरलो." या साठवणीला बाईंनी नाव ठेवले होते, कानवही. तिचा नियम एकच. ज्याची कानवही, त्याने आणि बाईंनी ऐकायची. तिसऱ्या कानाला बंदी.

घरी बाईंची नणंद होती, जिभेने तिखट. ती म्हणायची, "वहिनी, तुमच्या फोनात चाळीस पोरांचे घसे मावतात, आणि माझा एक फोटो मावत नाही!"

तर अशा बाईंना यंत्राचा तिटकारा आहे, असे कोणी म्हणू शकले नसते. पण त्या वर्षी शाळेला उत्साहाची लागण झाली, आणि बाईंना पहिल्यांदा शिसारी आली.

शाळेत मोठ्या पडद्याची खोली झाली होती. शिक्षकांच्या खोलीत कपाटाशेजारी एक तक्ता लागला, 'आमचा उत्साह'. प्रत्येक शिक्षकाची एक रांग. पडदा वापरला, फोटो काढला, शिक्षकांच्या फोनवरच्या गटावर टाकला, की आपल्या रांगेत एक पिवळा हसरा चेहरा चिकटवायचा. पंधरा दिवसांत तक्ता पिवळ्या पुरळासारखा फुलला. टेपबाईंची रांग कोरी होती. एक मूल आणि एक बाई कान देऊन बसली आहेत, याचा फोटो काय निघणार?

हे सगळे चालवणारा तरुण शिक्षक म्हणजे पडदासर. माणूस वाईट नव्हता. कोणाची तार तुटो, कोणाचा फोन बंद पडो, हा धावत यायचा. बाईंच्या जुन्या फोनातल्या कानवह्या नव्या फोनात त्यानेच उतरवून दिल्या होत्या. पण हातात कॅमेरा आला की त्याच्यातला मास्तर रजेवर जायचा.

एकदा बाई खडू मागायला पडद्याच्या खोलीत गेल्या. खिडक्या बंद, आत तापलेल्या तारांचा आणि पोरांच्या मोज्यांचा कोंदट वास. पडद्यावर चित्र टाकणाऱ्या यंत्राचा दिवा जाऊन आठ दिवस झाले होते, पडदा पांढराफटक. त्याच्यासमोर तीस मुले मांडी घालून बसलेली. पडदासर कॅमेरा रोखून म्हणाले, "मी तीन म्हटलं की वर बघायचं आणि 'वा' करायचं. एक, दोन, तीन!"

"वाऽऽ!" तीस मुलांनी कोऱ्या पडद्याकडे बघून तोंडे वासली.

"सर, दिसत काहीच नाही," पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला.

"तुला दिसायची गरज नाही. तू फोटोत दिसतोयस," सर म्हणाले, आणि स्वतःच हसले.

 खडू न घेताच बाई परतल्या. दुपारी तक्त्यावर आणखी एक पिवळा चेहरा होता.

बाईंच्या वर्गात त्या वर्षी एक मुलगी होती. मुले तिला पुटपुटी म्हणत, कारण वाचताना तिचे फक्त ओठ हलायचे. इस्त्रीच्या दुकानात काम करणारी आत्या तिला फाटकाशी सोडून जायची. जोडाक्षर आले की मुलीचा श्वासच अडकायचा. पहिल्या आठवड्याची तिची कानवही म्हणजे दोन मिनिटे नुसता श्वास होता. बाईंनी तोही तिच्याबरोबर बसून ऐकला. हळूहळू श्वासात अक्षरे आली, अक्षरांचे शब्द झाले. धड्यात एक ओळ होती, 'आकाश स्वच्छ होते.' 'स्वच्छ' या शब्दापाशी ती पाच आठवडे ठेचकाळली. सहाव्या आठवड्यात सरळ वाचून गेली. मग फोन स्वतःच्या कानाला लावून तिने ती ओळ तीनदा ऐकली आणि म्हणाली, "ही मी आहे?"

"तूच."

"मग ठेवा जपून."

ही बातमी मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे मुख्याध्यापिकांपर्यंत पोचली ती नको त्या वेळी. उत्साही शिक्षकांच्या फिल्मची स्पर्धा जाहीर झाली होती. तीन मिनिटे, त्यात 'आधी' आणि 'नंतर' दाखवणे सक्तीचे. मोठ्या बाईंनी टेपबाईंना बोलावले. पडदासर तिथे होतेच.

"काय जादू केलीत हो त्या मुलीवर!" मोठ्या बाई म्हणाल्या. "आपलं 'नंतर' तयार आहे. 'आधी' तेवढं मिळालं की झालं."

"आधीचं कोणी काढलेलं नाही," टेपबाई म्हणाल्या.

"आवाज आहे की!" पडदासर खुर्चीतून उठलेच. "बाईंच्या फोनात पहिल्या आठवड्यापासूनचा आहे. फोन बदलून देताना कानावर पडला. नुसता श्वास, मॅडम! सोनं आहे सोनं!"

"ते मिळणार नाही. मी तिला शब्द दिलाय."

"बरं, नका देऊ," मोठ्या बाई समजुतीने म्हणाल्या. "मग तिला जरा अडखळायला सांगू. दोन मिनिटांचं काम. नाटकात नाही का लहान मुली म्हाताऱ्या होत? खेळच तो."

इथे टेपबाई चुकल्या. आयुष्यभर शब्द पाळलेल्या माणसाची चूक होती ती. कानवही सुरक्षित राहतेय ना, मग खेळाला काय हरकत, असे त्यांना वाटले. त्यांनी मुलीला विचारले. ती एवढी खूश झाली की तिने घरून वेणीला नवी रिबीन लावून आणली.

पडद्याच्या खोलीत तिला बाकावर बसवले. मागे सगळा वर्ग. पडदासर म्हणाले, "हं, आता पहिल्यासारखं वाच बरं. अडखळत."

मुलगी हसत हसत अडखळली. "आ... आकाश..."

"हसू नको गं! चेहरा पाड. घाबर जरा. तो कठीण शब्द आहे ना, तिथं चांगली अडक. ओठ हलव नुसते. हां! अस्संच! पुन्हा एकदा."

सहा वेळा केले. चौथ्या वेळी मागचा वर्ग खिदळायला लागला, आणि सर म्हणाले, "राहू दे राहू दे, हसणं खरं वाटतंय." सहाव्या वेळी मुलीच्या कपाळावर घाम होता. ती बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, चांगलं चुकले ना मी?"

 बाई मान हलवून हो म्हणाल्या, आणि त्या हो म्हटल्याची किळस त्यांना पुढे कितीतरी दिवस येत राहिली.

"झकास!" पडदासर म्हणाले. "आता 'नंतर'. घे, वाच घडाघडा."

मुलीने पुस्तक धरले. "आकाश..." म्हणाली आणि थांबली. ओठ हलले. आवाज नाही.

"अगं, ते झालं. आता नीट वाच."

ओठ हलत राहिले. वर्गाला वाटले, अजून नाटकच चालू आहे. कोणीतरी ओरडले, "पुटपुटीऽ!" आणि सगळे हसले.

"बंद करा ते," टेपबाई म्हणाल्या.

"बाई, एकच टेक आणखी..."

"बंद करा म्हणते ना!"

तीस वर्षांत बाईंचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. मुलीचा हात धरून त्या बाहेर पडल्या.

नकाशांच्या खोलीत मुलगी खडूच्या खोक्यावर बसून राहिली. बाईंनी मागच्या आठवड्याची कानवही लावली. 'आकाश स्वच्छ होते,' तिचाच आवाज म्हणाला. मुलीने कान झाकून घेतले.

"ती मी नाहीये," ती म्हणाली. "ते सर काढत होते ती मी आहे."

पुढचे चार दिवस तिने पुस्तक उघडले नाही. पाचव्या दिवशी बाई पडदासरांकडे गेल्या. "त्या मुलीचं जे काढलंत ते पुसून टाका."

"अहो, ते फिल्ममध्ये बसवलंय मी! काय नैसर्गिक आलंय! आणि 'नंतर'चीही सोय झाली. दुसऱ्या तुकडीतली एक हुशार मुलगी पाठमोरी बसवली. त्याच रंगाची रिबीन. कोणाला काय कळतंय?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चहाच्या कपात माशी दिसल्यावर माणूस बघतो, तसे. मग त्या थेट मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या.

"तुम्हाला आधी आणि नंतर हवंय ना? मला घ्या."

"म्हणजे?"

"यंत्राला घाबरणारी म्हातारी बाई. रिमोट उलटा धरते, पडद्यापुढं थरथरते. मग सरांनी शिकवलं आणि बाई उत्साहानं उड्या मारायला लागली. शेवटी 'वा' पण करीन."

मोठ्या बाईंचा चेहरा खुलला. "अहो, हे तर फारच छान! बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल!"

"येऊ दे. पण आधी ते 'आधी' पुसा. माझ्यासमोर. गटावर टाकलं असेल तर तिथूनही. नाहीतर भर हॉलमध्ये उभी राहून मी दोन मुलींच्या वेण्यांचा हिशेब सांगेन."

पडदासरांनी तोंड पाडून पुसले. बाई शेजारी चष्मा लावून बसल्या, आणि संगणकातल्या कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसायला लावले. ती टोपली कुठे असते हे बाईंना माहीत आहे, याचे सरांना आश्चर्य वाटले.

फिल्म एका सकाळी हॉलमध्ये दाखवली. मुले, पालक, पाहुणे. पडद्यावर टेपबाई रिमोट उलटा धरून म्हणत होत्या, "हे कुठून उघडतं हो?" हॉल हसला. ज्यांना बाईंनी वाचायला शिकवले होते, ते आता पालक होऊन बसले होते, तेही हसले. शेवटी पडद्यावरच्या बाई 'वा' म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. खुर्चीतल्या बाई रुमालाने तळहात पुसत राहिल्या. त्यांना मानपत्र मिळाले, 'तंत्रज्ञानाच्या भीतीवर विजय', आणि तक्त्यावर एकदम पाच पिवळे चेहरे. नणंद मागच्या रांगेत होती. बाहेर पडताना तिने बाईंची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि एवढेच म्हणाली, "वहिनी, मला फोन शिकवला तो कोणी? याच बाईंनी का?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीचे दार ढकलून मुलगी आत आली.

"बाई, तुम्ही मुद्दाम चुकलात."

"कशावरून?"

"तुम्ही चुकताना गालात हसलात. खरं चुकताना हसू येत नाही." तिने वेणीचे टोक बोटाला गुंडाळले. "मी हसले होते का?"

"पहिल्यांदा हसलीस. मग सरांनी हसू नको म्हटलं."

"म्हणजे पहिलं खोटं होतं."

"हो."

"आणि नंतरचं?"

बाईंना खोटे बोलता आले असते. "ते मलाही नक्की माहीत नाही, बाळ. पण ते आता कुठंच नाही. मी समोर बसून पुसायला लावलं."

"टोपलीतून पण?"

"टोपलीतून पण."

मुलगी खडूच्या खोक्यावर बसली आणि तिने पुस्तक उघडले. "लावा," म्हणाली.

बाईंनी फोन मध्ये ठेवला. "आकाश..." मुलगी थांबली. ओठ हलले.  बाई भिंतीवरच्या नकाशांच्या गुंडाळ्यांकडे बघत राहिल्या.

"स्व...च्छ होते."

दोघींनी डोकी जवळ आणून ऐकले. "इथं मी तुटले," मुलगी म्हणाली. बाईंनी मान हलवली. पण कानवहीत आणखी काहीतरी होते. वाक्याच्या शेवटी, लांबून, पडद्याच्या खोलीतून, तीस गळ्यांचे एकदम, "वाऽऽ!"

बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हा 'वा' पुसता येतो?" मुलीने विचारले.

"नाही गं. तुझ्या आवाजात मिसळलाय तो."

"मग हे सगळंच पुसा. पुन्हा वाचते." ती उठली. "थांबा, आधी दार लावते."