धुळ्याला नेलेला कार्डांचा खण

जळगावच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होते. मुलं काउंटरवर येऊन फक्त गाइड मागत. हवं ते पुस्तक स्वतः कसं शोधायचं हे शिकवायला आठवड्यातून एक तास द्या, असं मी दर वर्षी प्राचार्यांना सांगत असे. एकदा ते म्हणाले, "बाई, धुळ्याच्या ग्रंथपाल परिषदेत हे मांडा. मी प्रमुख पाहुणा आहे. तिथे ऐकतो आणि ठरवतो."

म्हणून पुस्तकांच्या नोंदकार्डांचा एक लाकडी खण मांडीवर घेऊन मी एसटीने धुळ्याला गेले. कार्डावरून कपाटापर्यंत कसं पोचायचं, ते करूनच दाखवणार होते.

सकाळभर सत्कार चालले. शाल, श्रीफळ आणि प्रत्येकाचं उत्तराचं भाषण. माझा विषय जेवणानंतरच्या सत्रावर ढकलला. जेवण झालं आणि प्राचार्य गाडीत बसले. मी खण घेऊन गाडीपर्यंत धावले. "छान होऊ द्या, बाई," म्हणाले आणि गेले.

समोर उरले ग्रंथपालच. मी त्यांना सगळं दाखवलं. दोंडाईच्याचा एक तरुण ग्रंथपाल अहिराणीत म्हणाला, "अक्का, हाई बठ्ठं आमले माहीत शे. ज्यासले सांगानं व्हतं, त्या जेवीसन ग्यात." सगळे हसले. मीही हसले.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात ग्रंथालयाचा तास नव्हता. मी विचारायला गेले. प्राचार्य म्हणाले, "परिषदेत कुणी ठोस काही मांडलं असतं, तर विचार केला असता."

मी काउंटरवर परत आले. एक मुलगी गाइड मागत होती. दिलं.